बुधवारी आम्ही बसतो

२४ नोव्हेंबर २००४

शुभांगीताईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसले आहे. त्या म्हणाल्या, संध्या, घरात जे चाललंय ते माणसांपाशी बोलवत नसेल तर निदान कागदापाशी बोल. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून हात बसलाय, पण अहवालात मुलांची वजनं असतात. इथे काय लिहायचं ते नीट कळत नाही.

झालं ते आधी लिहिते. दसऱ्याच्या आठवड्यात शेजारच्या द्राक्ष बागाईतदाराच्या विहिरीवरून मोटार आणि केबल चोरीला गेली. त्या आठवड्यात वीज रात्रीची होती. माझे मालक रंगनाथ झेंडूला पाणी भरायला मळ्यात होते. एवढाच त्यांचा गुन्हा. सकाळी पोलिसांची जीप आली, दोन प्रश्न विचारायचेत म्हणाले, आणि तीन दिवस ठेवून घेतलं. कोर्टात नेलं नाही, कसला कागद केला नाही. पुढे खरे चोर दुसऱ्या तालुक्यात माल विकताना सापडले. ते आम्ही पेपरात वाचलं. ठाण्यातून सांगायला कुणी आलं नाही.

त्या बागेत मजुरी करणारा सुरगाण्याचा सहादू, त्यालाही नेलं होतं. कधी नेलं ते कुणालाच धड माहीत नाही. त्याची बायको भात कापायला गावाकडे गेलेली, विचारणारं कुणी नव्हतं.

यांना मार दिला तो तळपायांवर. वरून काही दिसत नाही. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, बरा दिसतोय की रंगनाथ.

शुभांगीताई नाशिकच्या. हाडा-स्नायूंच्या व्यायामाच्या डॉक्टर आहेत. आपला दवाखाना सांभाळून एका वकिलांच्या संस्थेबरोबर अशा मार खाल्लेल्या माणसांसाठी फिरतात. त्यांनी यांचे पाय मांडीवर घेऊन बघितले. पण हे भिंतीकडे तोंड करून बसले.

मला तसं काही झालेलं नाही. मी फक्त डबा घेऊन ठाण्याबाहेर बसले होते. आत जाऊ दिलं नाही. थोडी कामं सांगितली, ती केली.

२७ नोव्हेंबर

आज लेक शाळेतून पळत आली आणि मागून यांच्या गळ्यात पडली. यांनी तिला असं झटकलं की ती पार ओट्याखाली जाऊन पडली. लागलं नाही फारसं. पण ती रडली नाही, नुसती बघत राहिली. आता ती बाबांच्या समोरूनच येते, लांबून हाक मारत.

यांना हे सगळं कळतं. जेवले नाहीत.

८ डिसेंबर, बुधवार

आज पहिली बैठक झाली. अंगणवाडीच्या खोलीत, दुपारी मुलं गेल्यावर. बुधवार निवडला, कारण बुधवारी नाशिकला बाजार असतो आणि बागेतल्या मजुरांना अर्धा दिवस सुट्टी असते.

शुभांगीताईंची कल्पना अशी की एकेकट्याला दवाखान्यात बोलावण्यापेक्षा मार खाल्लेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकत्र बसावं, एकमेकांचे पाय चोळायला शिकावं, वाटलं तर बोलावं. मला हे जमेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे माणसं भजनाला बसतात, पत्त्याला बसतात. दुखण्यासाठी एकत्र कोण बसतं?

आले कोण, तर हे, आमच्या सासूबाई अक्काबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), आणि वस्तीवरचे चिमाजीबाबा. बाबांना मी बोलावलंच नव्हतं. साठीचे आहेत. म्हणाले, रिकामा बसून काय करू, बघतो काय चाललंय ते.

ताईंनी कोमट पाण्याचं घमेलं मांडलं. कुणीच पाय पुढे करेना. डॉक्टरीण असली तरी बाईमाणूस, तिच्या हातात पाय कसा द्यायचा. हे तर दाराशीच बसलेले. शेवटी आत्याबाई सरकत सरकत पुढे गेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं आणि दोन्ही पाय घमेल्यात बुडवले. म्हणाल्या, मला कुणी मारलं नाय, पण गुडघे दुखतात, चालंल ना? ताई हसल्या, म्हणाल्या, चालेल. मग ताईंनी मला बोलावून आत्याबाईंच्या टाचेपासून बोटांपर्यंत अंगठा कसा न्यायचा ते दाखवलं. चिमाजीबाबांनी बघून बघून चपला काढल्या.

यांनी काढल्या नाहीत. पण उठून गेले नाहीत, एवढं झालं.

१५ डिसेंबर, बुधवार

आज यांनी पाय पाण्यात घातले. मी चोळले. वर बघत नव्हते. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. ताईंनी सांगितलं होतं, दुखलं तर हात वर करायचा, लगेच थांबायचं. यांनी एकदा हात वर केला, मी थांबले. मग थोड्या वेळाने आपणच म्हणाले, कर.

घरी येताना यांना म्हटलं, सहादूलाही बोलवू या, तोही त्यातलाच. हे एकदम थांबले. म्हणाले, त्याला कशाला? मी म्हटलं, त्याला काय कमी मार पडलाय? हे पुढे चालायला लागले.

मला राग आला. मजूर म्हणून नको का? असा यांचा स्वभाव कधी नव्हता. मारानं माणूस कोता होतो की काय कोण जाणे.

२२ डिसेंबर, बुधवार

मी सहादूला बोलावलंच. तो आणि त्याची बायको नवसाबाई, दोघं आले. सहादूचा उजवा हात वाईट आहे. दोन बोटं वळतच नाहीत. बागेत वेल बांधायला सुतळीची गाठ मारावी लागते, ती त्याला मारता येत नाही, म्हणून आता त्याला नुसती माती ओढायला लावतात. ताईंनी मळलेल्या कणकेचा गोळा त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, दाबत राहायचं. तो मान खाली घालून दाबत राहिला. पोळीची कणीक मळणारा बाप्या बघून चिमाजीबाबांना हसू आलं, सहादूही हसला.

सहादू दारातून आत आला तसे हे उठले. मोटार चालू ठेवून आलोय म्हणाले. मोटार बंद होती. वीजच नव्हती.

नवसाबाई फार बोलत नाही. जाताना मला म्हणाली, ताई, तुम्ही वाळल्या.

म्हटलं, थंडीत होते मी अशीच.

३ जानेवारी २००५

अंगणवाडीच्या प्रकल्प कार्यालयात बैठक होती. कॅनॉलच्या वाटेने गेले, जरा लांब पडतं, पण ठाण्यापुढच्या हमरस्त्याला धूळ फार. येताना अंधारून आलं. कॅनॉलकडे चिटपाखरू नसतं. बरं वाटतं.

घरी आले तर आत्याबाई सांगत होत्या, रंगनाथनं वांगी-मेथीची पाटी भरली आणि सहादूच्या खोपीवर ठेवून आला. सांगितलं नाही, बोलावलं नाही, दाराशी ठेवली आणि परत फिरला. ही तिसरी पाटी. काल नवसाबाई रिकामी पाटी परत करायला आली तेव्हा हे गुलछडीच्या वाफ्यात जाऊन बसले, ती गेल्यावर उठले.

मला हे कोडं उलगडत नाही. वांगी द्यायची आणि तोंड चुकवायचं. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना तू विचारू नकोस, वेळ येईल तेव्हा सांगतील. म्हणजे ताईंनाही माहीत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

बागाईतदाराच्या घरी हळदीकुंकू होतं. जावं की नाही कळेना. न जावं तर आम्ही मनात धरलं असं होईल. गेले. त्यांच्या सूनबाईंनी तिळगूळ दिला, म्हणाल्या, झालं गेलं गंगेला मिळालं, गोड बोला. मी गोडच बोलले. वाणातला प्लास्टिकचा डबा दिला तोही घेतला.

घरी येऊन भांडी घासायला बसले. फार काळी झाली होती. आत्याबाईंनी हातातून कढई काढून घेतली, म्हणाल्या, अगं पितळ नाय ते, किती घासशील. बघितलं तर बोटांची सालं निघालेली. राखेत काहीतरी असावं.

२ फेब्रुवारी, बुधवार

आज खोली भरली. चिमाजीबाबांनी पलीकडच्या गावातून दोघांना आणलं. एक रिक्षावाला, एक हमाल. दोघांच्या वेगळ्या गोष्टी, दुखणं एकच.

आणि चिमाजीबाबाच बोलले. आजवर आम्ही समजत होतो की हा माणूस वेळ घालवायला येतो. बाबांच्या डाव्या खांद्याचं हाड वर आलेलं आहे. बैलगाडीवरून पडलो असं ते सांगत आलेत, आख्ख्या वस्तीला ते पाठ आहे, कुठल्या बांधापाशी पडले तेसुद्धा. आज म्हणाले, बैलगाडी नव्हतीच. कांद्याला भाव मिळावा म्हणून हायवेवर रास्ता रोको केला होता, बरीच वर्षं झाली. लाठीमार सुरू झाला तसे सगळे पळाले, बाबांच्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून ते मागे राहिले. खाली पडल्यावरही मारत होते.

आत्याबाईंनी विचारलं, मग बैलगाडीचं काय काढलंत?

बाबा म्हणाले, लाज वाटली. भावासाठी गेलो आणि मार खाऊन आलो हे बायकोला कसं सांगू? बैलगाडीवर कुणी हसत नाही. ती बिचारी मरेपर्यंत त्या बैलाला शिव्या देत होती. फार गुणी बैल होता तो.

आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. रिक्षावाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच वर आलेल्या हाडावर, आणि काढला नाही.  

हे आज नव्हते. घरी गेल्यावर सगळं सांगितलं. म्हणाले, बाबांनी सांगितलं? आपण होऊन? दोनदा विचारलं.

२३ फेब्रुवारी, बुधवार

हे आले. आत्याबाई आणि चिमाजीबाबा दोघं दोन बाजूंना, नवरदेवासारखं घेऊन आले. सहादू होता, तरी बसले. दाराजवळ, त्याच्याकडे न बघता.

आता ते मळ्याच्या टोकापर्यंत न थांबता चालतात. फुलबाजारात पुन्हा स्वतः जायला लागलेत. लेकीला सांगून ठेवलंय, मागून आलीस तरी चालेल, फक्त आधी गाणं म्हणत ये. ती आता घरभर गाणी म्हणत फिरते, आत्याबाईंचं डोकं उठतं.

सहादूची बोटं अर्धी वळतात. पण गडी हल्ली उदास दिसतो.

१६ मार्च, बुधवार

आजचं सगळं लिहायला हवं. जसं झालं तसं लिहिते.

शिमगा आठवड्यावर आलाय. सहादू आणि नवसाबाई शनिवारच्या जीपने गावाला निघालेत. नवसाबाई म्हणाली, सणाला जातो ते जातो, पण परत इकडे यायचं नाही असं ठरतंय. मुकादम गुजरातेत कामाला बोलावतोय. इथे बागेत अजून माणसं बघून औजारं उचलून ठेवतात. चोर सापडले ते सगळ्यांना माहीत आहे, तरी ठेवतात.

ताईंनी विचारलं, सहादू, तुम्हाला काय वाटतं? तो कणीक दाबत राहिला.

तेव्हा हे बोलले. दाराशी बसल्या जागेवरून. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"सहादू, तू जाणार तर त्याच्या आधी तुला सांगायचंय. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणत होते, कुणाचं तरी एक नाव सांग आणि घरी जा. मी तुझं नाव सांगितलं. तू तिथं नव्हतास. मला माहीत होतं. तरी सांगितलं. माझ्यामुळं तुला आणलं."

मग सांगितलं की सुटायच्या आदल्या रात्री पलीकडून सहादूचं ओरडणं ऐकलं आणि कान झाकून घेतले.

मी यांच्याकडे बघत होते आणि पाट्या भरभरून ठेवलेली वांगी डोळ्यांपुढे येत होती. एवढे महिने मी एका घरात राहते, यांना रोज ताट वाढते, आणि मी म्हणत होते माणूस कोता झाला. नवसाबाईनं पदर तोंडाशी घेतला. मला वाटलं आता ती उठेल आणि हे सगळं मोडेल. मीसुद्धा तिच्या जागी उठले असते.

सहादूनं कणकेचा गोळा खाली ठेवला. हात पुसले. आणि सावकाश म्हणाला, "मला ठाव हाय."

हे म्हणाले, "कसं?"

"मला तुझ्या आधीच आणलं व्हतं, भाऊ. कुणाला ठाव नाय. भिंतीपल्याड बसवलं व्हतं. ते मला म्हणत, ऐक, तुझा शेजारी आता तुझं नाव घेतो बघ. सकाळधरनं ऐकत व्हतो मी. ते मारीत, तू नाय म्हणायचास. परत मारीत, परत नाय म्हणायचास. मी मनात म्हणत व्हतो, घे रं बाबा, घे माझं नाव, सुट. दिवस मावळला तवा घेतलंस."

यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"तू नाव घेतलं ते तू ध्यानात ठेवलंस," सहादू म्हणाला. "मी ध्यानात ठेवलं ते दिसभर घेतलं नाय ते. माझ्यासाठी आजवर एवढं कुणी केलं नाय."

हे उठायला गेले, उठता येईना. बसल्या बसल्या सरकत सहादूपर्यंत गेले, लहान मूल सरकतं तसे. सहादूनं त्यांचं डोकं आपल्या छातीशी घेतलं, त्या न वळणाऱ्या बोटांनी. दोन बाप्ये असे रडताना मी पाहिलेले नाहीत. चिमाजीबाबा भिंतीवरच्या अ अननसाच्या तक्त्याकडे बघत बसले होते.

नवसाबाई बऱ्याच वेळानं नवऱ्याला म्हणाली, मला का नाय सांगितलंस? मला तेच यांना विचारायचं होतं.

१७ मार्च

विचारलं. हे म्हणाले, तू मला सोडवायला तीन दिवस उन्हात बसलीस, आणि मी आत कुणाला तरी विकत होतो, हे तुला कसं सांगू?

मला फार राग आला. कशाचा ते कळेना. म्हटलं, मी बसले म्हणजे काही मोठं नाही केलं. आणि उठून झाडू घेतला. अंगण सकाळीच झाडलं होतं, पुन्हा झाडलं. हे ओट्यावरून बघत होते. म्हणाले, संध्या, ठेव तो झाडू. मी म्हटलं, कचरा आहे. म्हणाले, नाही गं, कुठेच कचरा नाही.

३० मार्च, बुधवार

सहादू नाही, नवसाबाई नाही. त्यांच्याविना खोली मोकळी वाटते.

आज काय झालं कोण जाणे. आत्याबाईंचे पाय चोळत होते. त्या म्हणाल्या, संध्या, तू सगळ्यांचे चोळतेस, तुझे दे. मी म्हटलं, मला काही झालं नाही. आत्याबाई म्हणाल्या, दे तर. आणि सासू असून त्यांनी माझा पाय मांडीवर ओढून घेतला. मी ओढत होते, त्या सोडेनात. म्हाताऱ्या हातांना केवढा जोर.

मग माझ्या तोंडून निघालं. डबा आत द्यायचा तर आधी व्हरांडा झाड, असं तिथला हवालदार म्हणाला. झाडला. मग अंगण झाड म्हणाला. मग त्यांची भांडी. आणि आत हे ओरडत होते, ते मला ऐकू येत होतं. ऐकू येत असताना मी भांडी घासत होते. घासली नाहीत तर आणखी मारतील असं वाटायचं. नीट घासली तर कमी मारतील असं वाटायचं. तीन दिवस. आणि डबा एकदाही आत गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यातली भाकरी कुत्र्याला टाकलेली बघितली.

हे सगळं सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं की मला हे इतकं आठवतंय.

यांनी माझा दुसरा पाय घेतला. सगळ्यांसमोर. मला लाजल्यासारखं झालं, पण ओढला नाही.

ताई एवढंच म्हणाल्या, मी तुला वही लिहायला सांगितली तेव्हा कुणासाठी सांगितली असं वाटलं होतं तुला? मी म्हटलं, यांच्यासाठी. त्या हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

१ एप्रिल

सूर्य वर आल्यावर जाग आली. अंगणवाडीला उशीर झाला, मुलं दाराशी उभी. दसऱ्यापासून रोज अंधारातच जाग यायची. तब्येत दाखवायला हवी.

१३ एप्रिल, बुधवार

सहादू परत आला. द्राक्षाच्या एप्रिल छाटणीच्या तोंडावर. मुकादमाला नाही म्हटलं. नवसाबाई गावाकडून नागलीचे पापड घेऊन आली आहे, घरोघर वाटले. यांच्यासाठी वेगळे बांधून आणले होते.

सहादू आता बागाईतदाराकडे नाही, आमच्याकडे आणि चिमाजीबाबांकडे निम्मा निम्मा वेळ काम करतो. गुलछडीच्या जुड्या बांधतो. गाठ सैल बसते, पण बसते. बाजारात कुणी विचारलं तर हे सांगतात, आमची जुडी लगेच सुटते म्हणून गिऱ्हाइकाला बरी.

११ मे, बुधवार

अक्षय्यतृतीया. आमरस केला होता. जेवणं चालली असताना वत्सला नावाची बाई दारात आली. पलीकडच्या वस्तीवरची, मी तोंडओळखीने ओळखते, तिचं मूल अंगणवाडीत येतं. तिचा नवरा यादव ट्रॅक्टर चालवतो. सकाळी त्याला ठाण्यात नेलं, डिझेलची चोरी म्हणून. त्याच ठाण्यात. तिला कुणीतरी सांगितलं, अंगणवाडीच्या बाईंकडे जा. हातात डबा होता.

त्या डब्यावरून माझी नजर हलेना. खरं लिहिते, पहिला विचार आला की हिला सांगावं, वकिलांना फोन कर, आणि दार लावून घ्यावं.

हे ताटावरून उठले. हात धुतले. बूथवर जाऊन शुभांगीताईंच्या संस्थेतल्या वकिलांना फोन केला. वकील म्हणाले, मला यायला दोन तास लागतील, तोवर तुम्ही जा, नुसते तिथे दिसा. यादवचं नाव लिहून घेतलंय का विचारा, आणि उद्या कोर्टात कधी नेणार ते विचारा. चोवीस तासांच्या आत नेलं पाहिजे.

आम्ही निघालो. मी, वत्सला, आत्याबाई, नवसाबाई, हे, सहादू, चिमाजीबाबा. वाटेत रिक्षावाला भेटला, त्याने आत्याबाईंना आणि बाबांना रिक्षात घेतलं. हमरस्त्यानेच गेलो.

फाटकापाशी हे थांबले.  सहादूही थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्ही इथेच उभे राहा, आतून दिसाल असे. आणि मी आणि वत्सला आत गेलो. मागून आत्याबाई आल्याच.

तोच व्हरांडा. साहेब नवे आहेत, जुन्यांची बदली झाली. हवालदार तोच. त्याने मला ओळखलं नाही. मी त्याला इतकी ओळखते आणि त्याला माझं तोंडही आठवत नाही. याचं मला वाईट वाटलं की बरं वाटलं, अजून ठरवता येत नाही.

साहेबांना म्हटलं, यादवला सकाळी आणलंय, त्याची बायको आलीय, त्याचं नाव लिहून घेतलंय का, आणि उद्या कोर्टात किती वाजता नेणार.  शब्द सगळे आले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "तुम्ही त्याच्या कोण?"

"शेजारी."

"आणि ते बाहेर उभे आहेत ते?"

"ते पण शेजारी."

साहेबांनी खिडकीतून बघितलं. फाटकापाशी हे, सहादू, चिमाजीबाबा, रिक्षावाला, नवसाबाई, आणि एवढ्यात आणखी कोण कोण येऊन उभं राहिलं होतं. कुणी घोषणा देत नव्हतं, काही नाही. उभे होते नुसते. साहेब थोडा वेळ पेन हातात धरून बसले. मग हवालदाराला म्हणाले, नोंद कर. आणि त्याच्या बायकोला भेटू दे, डबा दे.

हवालदार डबा घ्यायला आला. मी म्हटलं, ती स्वतः नेईल.

वत्सला आत जाऊन आली. म्हणाली, धक्काबुक्की झाली, दोन मुस्काटात बसल्या, बाकी काही नाही. जेवला. तेवढ्यात वकील आले. आम्ही दिवे लागेपर्यंत तिथेच फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो. बुधवार होताच. आत्याबाईंनी पाय पसरले आणि नवसाबाई त्यांचे गुडघे चोळायला लागली, तिथेच, ठाण्यासमोर.

१२ मे

यादवला आज सकाळी नाशिकच्या कोर्टात उभं केलं. वकिलांनी बाजू मांडली, जामीन झाला. आम्ही सगळे बाहेर कॅन्टीनपाशी थांबलो होतो. वत्सला धावत पुढे गेली.

कोर्टाच्या पायऱ्या दगडी आणि उंच आहेत. यादव वरून उतरायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्यातलं कुणीच त्याच्या तोंडाकडे बघत नाहीये. हे, सहादू, चिमाजीबाबा, मी, आम्ही सगळे त्याच्या पावलांकडे बघत होतो.

तो एकेक पायरी सरळ उतरला.